दोन बोटांचे अंतर

पडद्याचा दांडा बसवायला नवरा स्टुलावर चढला होता, आणि खाली न बघताच हात मागे करून त्याने "पेचकस" म्हटले, एवढेच घडले. तिने पेचकस उचलला, मूठ त्याच्याकडे येईल असा हवेतच फिरवला आणि त्याच्या तळव्यावर चट्कन आवाज होईल असा दिला. "अगं आई गं!" तो ओरडला. स्टूल डगमगले, ओठांत धरून ठेवलेला स्क्रू फरशीवर पडून घरंगळत कपाटाखाली गेला. "मारतेस काय? पेचकस मागितला मी, शिक्षा नाही मागितली." तो तळवा चोळत हसत होता. "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, बायकोच्या हातचा मार तेवढा खायचा राहिला होता. चला, तोही झाला." मग त्याने वळून खाली पाहिले आणि त्याचे हसू अर्ध्यावरच राहिले. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत उभी होती, वाटेत अवचित जुने कुणी भेटावे आणि त्याचे नाव आठवू नये, तशी. "अगं, गंमत केली." "माहीत आहे. थांबा, स्क्रू शोधते," ती म्हणाली आणि गुडघे टेकून खाली वाकली.

स्क्रू पहिल्याच खेपेला बोटांना लागला. तरी तिने तो लगेच बाहेर काढला नाही. कपाटाखालच्या गार फरशीवर हात तसाच ठेवून ती ओणवी राहिली. तळव्यात अजून ती चापट होती. हत्यार हातावर ठेवायचे नसते, द्यायचे असते. नुसते ठेवले की सर्जनला ते धरावे लागते आणि धरायला नजर वळवावी लागते. नीट दिले की तळव्यालाच कळते, काय आले आहे आणि कोणत्या बाजूने. शिकाऊ असताना थोरल्या सिस्टरांनी हातावर रूळ मारून मारून तिला हे शिकवले होते, आणि पुढे एकोणीस वर्षे एकाच डॉक्टरांच्या समोर, टेबलाच्या पलीकडे उभे राहून तिने ते केले होते. आठ महिन्यांपूर्वी ते सुटले. आपण त्या खोलीतून रिकाम्या हातांनी बाहेर पडलो असे ती या आठ महिन्यांत स्वतःला बजावत आली होती. हाताला मात्र हे कुणी कळवलेच नव्हते. तो बिचारा अजून कामावरच होता. कुणी तळवा पुढे केला की तो आपला धावत होता. "सापडला का गं?" वरून आवाज आला. "सापडला," ती म्हणाली. स्क्रू देताना मात्र तिने तो नवऱ्याच्या तळव्यावर अलगद ठेवला, आणि तो ठेवताना तिची बोटे थरथरली. दोघांनीही ते पाहिले. दोघेही दांड्याविषयी बोलू लागले.

ही थरथर पहिल्यांदा तिला हातात दिसलीच नव्हती, ती दिसली भिंतीवर. मोठ्या दिव्याचा उजेड सुई धरायच्या चिमट्यावर पडून त्याचा एक कवडसा समोरच्या पांढऱ्या फरशांवर उमटत असे. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. त्या दिवशी डॉक्टर टाका कापायची वाट बघत होते, ती पुढची सुई हातात घेऊन तयार होती, आणि भिंतीवर तो कवडसा पाण्यात पडल्यासारखा हलत होता. तिला वाटले, दिवा हलतो आहे. मग वाटले, आज सकाळी काही खाल्ले नाही. त्यानंतर ती रोज खाऊन जाऊ लागली, चहा सोडला, झोपेची वेळ पाळू लागली, आणि रोज भिंतीकडे बघू लागली. देताना हात थरथरत नसे. वाट बघताना थरथरे. म्हणून ती वाट बघेनाशी झाली. हत्यार शेवटच्या क्षणी उचलायचे आणि त्याच ओघात द्यायचे, असे तिने सहा महिने निभावले. कुणालाही कळले नाही. डॉक्टरांनी कधी मान वर केली नाही, भूल देणाऱ्या बाईंनी काही विचारले नाही. एक दिवस एका लहान मुलीचे पोट उघडलेले असताना कवडसा हलला, आणि तिला अगदी स्वच्छ कळून आले, की आता ती पेशंटसाठी उभी नाही, स्वतःसाठी उभी आहे. त्याच दुपारी ती मेट्रनकडे गेली. "कुणी तक्रार केली का?" मेट्रनने विचारले. "नाही." "मग कुणाच्या लक्षात आलंय?" "माझ्या." हे सगळे तिला आता दुसऱ्या कुणाची हकीगत असल्यासारखे आठवे. त्यात ताठ मानेने उत्तर देणारी ती बाई कोण, आणि तिला एवढी कसली घाई झाली होती? शेवटच्या दिवशी ती डॉक्टरांना सांगायला गेली, तेव्हा ते एक्स-रे उजेडाला धरून बघत होते. तिने सांगितले. त्यांनी एक्स-रे खाली घेतला नाही. "ठीक आहे, सिस्टर," ते म्हणाले. एकोणीस वर्षांवर एवढीच माती पडली. त्यांची फिल्म धरलेली बोटे तेवढी तिला दिसत होती, आणि त्या बोटांना आपण कधी उघड्यावर पाहिलेच नव्हते, कायम हातमोज्यात, हे तिच्या त्या वेळी ध्यानात आले होते.

दुपारच्या पाळीला ती नेहमीप्रमाणे हॉस्पिटलच्या मागच्या दाराने आत शिरली. वरचे काम सोडल्यावर मेट्रनने तिला खाली, हत्यारे धुऊन ऑपरेशनचे ट्रे बांधायच्या कामावर घेतले होते. तळमजल्याच्या लांब बोळात कपड्यांच्या गाठोड्यांच्या ढकलगाड्या उभ्या होत्या, साबणाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. एका पेशंटचा नातेवाईक, हातात थर्मास घेऊन भांबावल्यासारखा उभा, तिला म्हणाला, "मावशी, रक्त तपासायचं कुठं हो?" तिने त्याला डावीकडचा जिना दाखवला. पहिल्यांदा कुणी तिला असे 'मावशी' म्हटले, तेव्हा तिने मागे वळून पाहिले होते, खरी मावशी कुठे आहे म्हणून. आयुष्यभर तिने मावश्यांना हाक मारली होती, बादली आणा, चादर बदला, जरा धरा हो मावशी. त्या हाकेला ओ देताना त्या बायकांना काय वाटत असेल, हे कधी मनात आले नव्हते. राग येत नव्हता. मावशी म्हणजे काही शिवी नव्हे. पण निळसर कोट, डोक्याला टोपी आणि हातात ट्रे असला, की माणसाचे आधीचे सगळे पुसले जाते, आणि पुसणाऱ्याला तर ते ठाऊकही नसते, हे तिला रोज त्या बोळात नव्याने कळे.

निर्जंतुक करायच्या खोलीत वाफेचे मोठे यंत्र सुसाटत होते. ते चालवणारे काका तीस वर्षे त्या यंत्राशी बोलत आले होते, आणि आता यंत्राबरोबर तिच्याशीही बोलत. "या, या. तुमच्या सवतीने आज सकाळपासून डोकं खाल्लंय माझं," त्यांनी यंत्राच्या दारावर थाप मारली. "दाब धरीत नाही. वय झालं. आपल्यासारखंच." मग टेबलावरच्या एका ट्रेकडे त्यांनी हनुवटीने खूण केली आणि आवाज उतरवला. "वरून परत आलाय. ती चष्मेवाली सिस्टर स्वतः येतेय म्हणाली फोनवर. आवाज काही ठीक नव्हता बरं का." ट्रे तिनेच काल बांधला होता. कापडाची घडी तिची होती.

चष्मेवाली सिस्टर आली ती वरच्या हिरव्या कपड्यांतच, मास्क गळ्यात लोंबत असलेली. पस्तिशीची असेल. वर टेबलाशी आपली जागा हिनेच घेतली होती. अर्थात घेतली म्हणणे बरोबर नव्हते, जागा रिकामी होती आणि हिला तिथे उभे केले होते. आल्या आल्या तिने हात जोडल्यासारखे केले. "मोठ्या सिस्टर, रागावू नका. पण मला तुमच्याशीच बोलायचं होतं, म्हणून मेट्रनकडे नाही गेले." "बोला." "काल संध्याकाळी एक अपघाताचा माणूस आला. पोटात रक्त साचत होतं. तुम्ही बांधलेला ट्रे उघडला. आत गेलेलं सगळं बाहेर आलं की नाही हे कळायला मोजणी यादीप्रमाणे करतो ना आपण? तिसऱ्या ओळीत बारीक क्लॅम्प पाच हवेत. तिथं तीन. दोन सापडेनात. मी पुन्हा मोजते, सर हात पुढे करून उभे, तिकडे भूलवाल्या बाई ओरडताहेत. दीड मिनिट गेलं. दोन्ही क्लॅम्प सगळ्यात खाली, रुंद पट्ट्यांच्या मागे निघाले." "पेशंट?" तिने विचारले. आपला आवाज कोरडा आहे, हे तिला ऐकू आले. "बरा आहे. पण दीड मिनिट, सिस्टर."

काका यंत्राच्या मागे कुठेतरी नाहीसे झाले. तिला खुलासा करता आला असता. तो ओठांवरच होता. ते दोन क्लॅम्प तिथे चुकून गेले नव्हते. डॉक्टर डावखुरे होते, आणि ते दोन बारीक क्लॅम्प पोट बंद करायच्या आधी, अगदी शेवटी मागत. म्हणून तिच्या टेबलावर ते एकोणीस वर्षे शेवटी, डाव्या कोपऱ्यात असत. इथे आल्यापासून ती प्रत्येक ट्रे यादी बघून बांधे, फक्त त्यांचा सोडून. त्यांचा ट्रे बांधताना यादीवरून नजर आपोआप सुटे, आणि बोटे त्या ऑपरेशनमधून चालू लागत: आधी कातडी, मग चरबी, मग आत. कापडाच्या घड्यांखाली ती त्यांना वरच्या मजल्यावर एक चिठ्ठी पाठवत होती, असे म्हणायला हरकत नव्हती. कुणी वाचावी अशी तिची अपेक्षाही नव्हती. आणि ती चिठ्ठी काल एका उघड्या पोटाच्या आड आली होती. सगळ्यात वाईट हे, की ती यादी तिनेच केलेली होती. पंधरा वर्षांपूर्वी ती तापाने फणफणून चार दिवस घरी पडली, तेव्हा तिच्या जागी उभी राहिलेली मुलगी गोंधळून रडली होती. बरी झाल्यावर तिने दोन रविवार बसून प्रत्येक ट्रेची यादी लिहून काढली, की उद्या मी असेन नसेन, कुणावाचून काही अडता कामा नये. तेव्हा असे लिहिणे किती सोपे गेले होते! माणूस आपल्या नसण्याविषयी ऐन भरात असतानाच इतके उदारपणे लिहू शकतो.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "विसरून नाही झाली. मी मुद्दाम तसं लावत होते." सिस्टरने चष्मा काढून हिरव्या कपड्यांना पुसला. तिला बहुधा भांडण अपेक्षित होते आणि ते न झाल्यामुळे हातांचे काय करावे हे कळत नव्हते. "सरांच्या सवयीप्रमाणे ना? मला वाटलंच. मला ना, खरं सांगू, तुमचा हेवा वाटतो. वर सगळे तुमचंच नाव घेतात. मोठ्या सिस्टर असत्या तर मागावं लागलं नसतं, मोठ्या सिस्टर असत्या तर असं झालं नसतं. मी मेली ऐकते आणि चिमटे देते." ती हसली, पण डोळे भरल्यासारखे झाले. "सर काही बोलत नाहीत म्हणा. ते कुणालाच काही बोलत नाहीत. फक्त एक विचारायचं होतं. ते हात इतका पुढे का करतात हो?" "कुणाचा हात?" "सरांचा. मी हत्यार द्यायला जाते, तोवर त्यांचा हात माझ्या अंगावर आलेला असतो. असा." तिने डावा तळवा पुढे करून दाखवला. "दोन बोटं तरी पुढे. मी पोचायच्या आधीच घेतात. म्हणून माझा नेम चुकतो, दोनदा तर खाली पडलं. आमच्या जुन्या हॉस्पिटलात सर्जन हात स्थिर ठेवत, आम्ही नेऊन देत होतो. मी एकदा धीर करून विचारलं, सर, तुमचा हात... तर म्हणाले, सवय झालीय."

यंत्राने मोठा सुस्कारा टाकला. ती त्या पुढे केलेल्या तळव्याकडे बघत राहिली. डॉक्टरांचा हात कधीच असा पुढे येत नसे. हे तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तो हात छातीपासून वीतभर अंतरावर, जागचा न हलता उघडे, दार उघडावे तसा, आणि पलीकडून तिचा हात तिथवर जाई. एकोणीस वर्षे. म्हणजे साडेअठरा. शेवटच्या सहा महिन्यांत ती भिंतीकडे बघत होती, हत्यार शेवटच्या क्षणी उचलत होती, आणि देणे आता किती जलद होते याचे तिला मनातून कौतुकही वाटत होते. ते जलद होत होते, कारण वाटेतले दोन बोटांचे अंतर पलीकडून कुणीतरी कमी करत होते. हत्यार तिच्या हातात थरथरायच्या आत काढून घेतले जात होते. त्यांना माहीत होते. मान वर न करता, शब्द न बोलता, पहिल्या आठवड्यापासून कदाचित. आपण एकटीच साक्षीदार आहोत असे समजून ती मेट्रनसमोर 'माझ्या' म्हणाली, आणि आठ महिने अंधारात तिला उजेड होता तो त्या एका शब्दाचा: कुणी पकडण्याआधी मी स्वतः निघाले. आता तोही तिच्या हातून गेला. तिला पकडले गेले होते, आणि पकडणाऱ्याने सांभाळून घेतले होते. ते 'ठीक आहे, सिस्टर' मग काय होते? सुटका? की दुसरे काही, जे एक्स-रेच्या आड धरावे लागते? तिला एकाच वेळी त्या माणसाच्या पाया पडावेसे वाटले आणि त्याच्या अंगावर ओरडावेसे वाटले: माझी कीव करायला कुणी सांगितले होते तुम्हांला? पण कीव अशी असते का? टाके घालणारा हात, जो केसभरही इकडेतिकडे होत नाही, त्याने आपली इतक्या वर्षांची जागा सोडायची, ही कीव असेल तर असो. आणि तरीही ती मेट्रनकडे गेली होती, हेही खरेच होते. त्यांना माहीत असल्याचे तिला माहीत नव्हते. जाणे त्यामुळे काही कमी झाले नव्हते. तेवढे तिने घट्ट धरले. दुसरे धरायला काही नव्हते.

"सिस्टर? बरं वाटतंय ना?" "हं." तिने टेबलाची कड सोडली. आता गप्प राहिले तरी चालण्यासारखे होते. सवय आहे त्यांची, जुळवून घ्या, एवढे म्हटले असते तर त्या वरच्या खोलीत, त्या मोठ्या दिव्याखाली, दिवसातून शंभरदा एक हात तिच्यासाठी पुढे येत राहिला असता. कुणाला न कळता. तिची तिथे उरलेली एवढीच खूण होती, आणि ती कोणत्याही यादीत नव्हती. "तुम्ही त्या हातामागे धावता, म्हणून तो पुढेच राहतो," ती म्हणाली. "त्यांचा हात बघूच नका. खांदा बघा. मागायच्या आधी डावा खांदा किंचित खाली येतो. तो आला की तुम्ही निघा, म्हणजे त्यांच्या आधी पोचाल. आणि द्यायचं ते छातीपासून वीतभरावर, तिथेच. हात पुढे आला असला तरी तुम्ही तिथेच न्या. पहिल्यांदा रिकाम्या जागी द्याल तुम्ही, ते वैतागतील. वैतागू द्या. हात आपोआप मागे येईल." "आणि नाही आला तर?" "येईल. पुढे ही त्यांची मूळची जागा नाही." "मग पुढे कशाला आले होते?" तिने कापडाची गाठ सोडली. "एका सिस्टरचा हात थरथरायचा," ती म्हणाली. "तेवढ्यापुरते आले होते."

चष्मेवालीने, हे तिच्या स्वभावात नसावे, टेबलावरची यादी उचलली आणि मोठ्याने वाचू लागली, आणि ते ऐकून ती एकेक हत्यार उचलून जागेवर ठेवू लागली. पाच बारीक क्लॅम्प तिसऱ्या ओळीत गेले. पाचवा ठेवताना तो शेजारच्यावर दोनदा किणकिणला. "सावकाश," सिस्टर म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, मला घाई नाही, असं." "मला समजलं," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिला हसू आले.

रात्री घरी पडदे लागलेले होते, एक बाजू जराशी खाली. नवऱ्याने विचारले, "वाकडा दिसतोय का गं?" "दिसतोय." "मग उद्या सरळ करू." "नको, राहू दे. चांगला दिसतोय." त्याने तिच्याकडे पाहिले. कामावर काय झाले हे त्याने विचारले असते तर तिने सांगितले असते. पण त्याने नुसते तिच्या ताटाशेजारी पाणी ठेवले, पेला अर्धा भरून, सांडू नये असा. गेले आठ महिने पेला अर्धाच भरलेला असतो, हे तिच्या आज ध्यानात आले. तिने तो उचलला, दोन्ही हातांनी, आणि पाणी प्याली. "आणखी दे," ती म्हणाली. नवऱ्याला ती कधी 'दे' म्हणत नसे. तो चमकला, हसला आणि तांब्या घेऊन आला.

पुढच्या दिवसांत तिने त्यांचे ट्रे यादीप्रमाणे बांधले. सोपे नव्हते. बोटे ऑपरेशनच्या वाटेने निघत आणि तिला त्यांना दर ओळीला परत बोलवावे लागे. वरून काही येत नव्हते. ट्रे नाही, फोन नाही. खालच्या कामात शाबासकी अशी नसतेच, काही परत आले नाही की काम नीट झाले असे समजायचे. मात्र कान वर लागलेले असत. आज तो हात कुठे असेल, असे तिला हत्यारे पुसता पुसता वाटे, आणि मग ती स्वतःवरच चिडे.

नंतरच्या सोमवारी चष्मेवाली सिस्टर ट्रे न्यायला खिडकीशी आली. घाईत होती. "मोठ्या सिस्टर, झालं बरं का!" "काय?" "सरांचा हात. आला मागे. तुम्ही म्हणालात तसंच, खांदा बघितला. आता एकही खाली पडत नाही." "किती दिवसांनी?" "चौथ्या दिवशी. मला वाटलं होतं महिना जाईल." "वा," ती म्हणाली. "तुम्ही लवकर शिकलात." "तुम्ही शिकवलंत म्हणून." सिस्टर ट्रे छातीशी धरून निघाली. जाता जाता थांबली, काही म्हणावे असे तिला वाटले असावे, पण वरून बोलावणे आले आणि ती पळाली.

चार दिवस. तिने तो आकडा मनात उलटसुलट करून पाहिला. तो तेवढाच राहिला. तिथे वर आता तिचे काहीही नव्हते. काकांनी यंत्राचे दार उघडले, वाफेचा पांढरा लोट खोलीभर पसरला आणि हळूहळू विरला, तेव्हा त्यांना ती टेबलाशी उभी दिसली. "डोळ्यांत गेली का वाफ? सांगतो ना मी, दार उघडताना लांब होत जा." "वाफ नाही, काका," ती म्हणाली. "रडतेय मी." काका गडबडले. या खोलीत त्यांच्याशी इतके सरळ कुणी बोलले नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "मग... खुर्ची देऊ?" "नको. उभ्यानेच बरी आहे." पुढचा ट्रे तिच्यासमोर उघडा होता, हत्यारे नुकतीच धुऊन पुसून मांडलेली, कोरडी. ती टेबलापासून एक पाऊल मागे सरली, त्यांच्यावर काही पडू नये म्हणून, आणि हात बाजूला ठेवून रडून होईपर्यंत तशीच उभी राहिली.